बाईंना घाई नसते

आमच्या बोईसर-तारापूर पट्ट्यात कायद्याला न जुमानणारी माणसे मला पुष्कळ माहीत आहेत आणि त्यांतील बहुतेकांना मी तसे रजिस्टर टपालाने कळवलेलेही आहे. परंतु घड्याळाला इतक्या राजरोसपणे न जुमानणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे अर्धांगाच्या झटक्यानंतर माझे बोलणे सुधारावे म्हणून मुलाने शोधून काढलेल्या, मुरबे गावच्या स्पीच थेरपिस्ट बाई. माझा उजवा हात शाबूत होता, लेखणी शाबूत होती. शब्द मात्र ओल्या कागदावरच्या शाईसारखे पसरत. अशात आमच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराबद्दलच्या माझ्या तक्रारीवर दोन महिन्यांनी सुनावणी होती. मुलगा वकील देऊ म्हणत होता. तीन वर्षे पत्रे मी लिहिली, तेव्हा बोलणारही मीच, हे मी त्याला लेखी कळवले.

बाईंचा गंभीर दोष असा, की त्या कोणाचेही वाक्य पुरे करीत नाहीत. एकदा स्टेशनबाहेर एक रिक्षावाला 'चिंचणी' म्हणताना पहिल्याच अक्षरावर अडखळला. सगळ्या रांगेने त्याला गावाचे नाव ओरडून पुरवले, मागे भोंगे वाजू लागले. पण तो स्वतः 'चिंचणी' म्हणेपर्यंत बाईंनी रिक्षात पाय टाकला नाही. आमच्या घरीही तेच. मी पाणी मागताना 'पा'वर अडकलो आणि पत्नीने तांब्या पुढे केला, तर बाईंनी तो शांतपणे आपल्याकडे ओढून घेतला. "काकी, थांबा. काकांचं बोलून व्हायचं हाय."

या क्रौर्याविरुद्ध मी बारा कलमांची तक्रार लिहून त्यांच्याच हाती दिली. त्यांनी ती न वाचता परत केली. "लेखी चालत नाय, काका. तुमी वाचा, मी बसलीय." वाचायला तीन आठवडे लागले. सातव्या कलमातला 'अमानुष' हा शब्द मी प्रथमच स्वच्छ उच्चारला, तेव्हा बाई इतक्या खूश झाल्या, की तो त्यांनी माझ्याकडून पुन्हा दोनदा म्हणवून घेतला.

सुनावणीत माझ्या दुसऱ्याच वाक्याला सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "म्हणजे आजोबा, तुम्हाला म्हणायचंय की गटार..." मी हात वर केला. बाईंनी शिकवलेला श्वास घेतला आणि माझे वाक्य मीच पुरे केले. पाहणीचा आदेश निघाला. गटार अद्याप तुंबलेलेच आहे. त्याबाबत स्वतंत्र पत्र गेले आहे.

आता बाई मासवणकडच्या मुलांना शिकवायला जातात, आमच्याकडे येत नाहीत. परवा चहा घेताना पत्नी काही सांगू लागली आणि नेहमीप्रमाणे अर्ध्यावर थांबली. तिचे पुढचे वाक्य लग्नापासून मीच पुरे करीत आलो आहे. या वेळी मी गप्प राहिलो.

तिने कप खाली ठेवून घाबरून विचारले, "काय होतंय? बोलता येत नाहीये का?"

"येतंय," मी म्हणालो. "तू बोल. मी बसलोय."

ती बराच वेळ बोलत होती. त्यातले निम्मे मला ठाऊकच नव्हते.