एका नावाचं गाव

सोनिका सलामे चिचगडकडच्या एका गावात पंचायतीचा संगणक सांभाळायची. बारावी झालेली, बोलायला सडेतोड. दोन हजार सोळा साली एका समितीनं जंगलाच्या नियमांचा मसुदा इंटरनेटवर टाकला. कुणीही त्यात लिहावं, दुसऱ्याचं खोडावं, असा खुला मामला. लोकशाही घरपोच आली म्हणून शहरातली मंडळी खूश होती. गावाला मात्र एकाच कलमाची धास्ती होती: मोहाच्या झाडाखाली आग लावायला बंदी. पाचोळा जाळल्याशिवाय गळलेली फुलं दिसणार कशी, अन् वेचणार कशी?

ग्रामसभा बसली. एकमत होईस्तोवर कुणी उठायचं नाही, ही तिथली रीत. ठरलं की झाडापुरता पाचोळा, राखण ठेवून, जाळू द्यावा. "सगळ्यायनं आपापल्या नावानं लिवा," सोनिका म्हणाली. "तिथं नावं मोजतेत."

म्हातारे मंगरूबाबा उखडले. "गाव एका तोंडानं बोलते वो पोरी. अलग अलग कायले लिवाचं? गावात का फूट पडली हाये?"

तिला पटलं नव्हतं, पण सभेपुढे कोण बोलणार? तलावाच्या पाळीवर नेटवर्क मिळायचं. तिथं बसून तिनं गावाचं म्हणणं मोबाइलवरून एकटीच्या नावानं लिहिलं.

ते कुणीतरी खोडलं. शेरा होता, 'एका व्यक्तीचे मत'. तिनं पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं गेलं, आणि शेवटी तिचं खातंच बंद झालं. अख्खं गाव एका माणसात मोजलं, या संतापानं तिला रडू फुटलं. सभेनं ठरवलेलं कुणी पुसू शकतं, हे मंगरूबाबांना सांगायची तिची हिंमत झाली नाही. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

बंदी लागू झाली. पुढच्या मोहाच्या दिवसांत तिच्या मावशीनं, देवकाबाईनं, नेहमीसारखा पाचोळा पेटवला. वनरक्षकानं टोपली जप्त केली. म्हातारी डगमगली नाही. त्यालाच घेऊन पंचायतीत आली.

"आमाले मुभा हाये. सभेत ठरलं, आमच्या सोनिकानं लिवलं. दाखव वो पोरी यायले."

सोनिकानं संगणकात उतरवून ठेवलेले नियम पडद्यावर उघडले. देवकाबाईला वाचता येत नव्हतं. ती पडद्याकडे बघून समाधानानं मान हलवत होती.

"कुठं आहे?" वनरक्षकानं विचारलं.

"मावशे," सोनिका म्हणाली, "मी लिवलं होतं. त्यायनं पुसलं. एकटीचं म्हणून."

देवकाबाईची मान हलायची थांबली.

"एकटीचं कसं वो? आमी सारे तं होतो सभेत."