समांतरभुज स्वेटर

माझ्या बायकोच्या हातात सुया आल्या की त्या आपोआप चालतात. ती टीव्ही बघते, भाजीवाल्याशी घासाघीस करते, माझी चूक काढते, आणि या सगळ्यात तिचा एकही टाका चुकत नाही. डहाणूत थंडी अशी पडत नाही. डिसेंबरात चार-सहा दिवस पहाटे पंखा एक नंबरवर आणावा लागतो, त्याला आम्ही थंडी म्हणतो. तरीही आमच्या नात्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या अंगावर तिच्या हातचा स्वेटर चढलेला आहे. पुण्या-नाशकाकडच्यांना तो उपयोगी पडतो, इथल्यांना फोटोपुरता.

मी सूत काततो. हे वाक्य लिहायला जितकं रुबाबदार आहे तितकं ते बघायला नाही. तलासरीजवळच्या एका शाळेत मी गणित शिकवतो. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर बघून "एखादा शांत छंद लावून घ्या" असं सांगितलं, आणि मला लहानपणी शाळेत शिकलेली टकळी आठवली. टकळी म्हणजे खाली चकती बसवलेली एक सळई. ती भोवऱ्यासारखी फिरवायची आणि दुसऱ्या हातातल्या कापसाच्या पेळूतून धागा ओढत जायचा. पहिले तीन महिने धागा इतक्यांदा तुटला की ब्लडप्रेशर उलट वाढलं. मधल्या सुट्टीत मी शाळेच्या ओट्यावर बसून कातत असे. नातवाला न्यायला आलेल्या पाड्यावरच्या एका आजीबाईंनी बराच वेळ हा प्रकार पाहिला आणि फार आस्थेनं विचारलं, "मास्तर, घरी बायको काम करू देत नाही का?"

मग मला एक शोध लागला. टकळी जितकी जास्त फिरवावी तितका धाग्याला पीळ बसतो, आणि जितका पीळ जास्त तितका धागा कमी तुटतो. झालं! मी ती टकळी अशी गरगरवायला लागलो की माझा धागा तारेसारखा झाला. दोन्ही हातांनी ताणून मी तो सहकाऱ्यांना दाखवत असे. "तोडून दाखवा," असं म्हणत असे. गणिताच्या तासाला जो आत्मविश्वास मला कधी वाटला नाही, तो या धाग्यानं दिला.

अशात आमची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी नाशिकहून माहेरी आली. आमच्याकडे मूल जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी टाकासुद्धा घालत नाहीत. जन्मल्यावरही बारा दिवस बाळ जुनेरात राहतं, कुणाकुणाची धुऊन मऊ झालेली झबली घालतं, आणि बारशाला त्याच्या अंगावर पहिलं नवं वस्त्र चढतं. ते वस्त्र आपल्या हातचं असावं, एवढी एकच इच्छा बायकोनं बोलून दाखवली होती. जगाच्या पोरांना विणून दिलं, आता स्वतःच्या नातवंडाला. आमच्या विहीणबाई स्वतः विणकामात तरबेज आहेत, त्यामुळे त्या इच्छेला थोडी धारही होती.

इथे मी तोंड उघडलं. फोनवर विहीणबाईंना म्हणालो, "यंदा बाजारची लोकर नाही हो. आजोबांच्या हातचं सूत, आजीच्या हातचं विणकाम!" तिकडून "अगंबाई!" असा उद्गार आला. इकडे बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिला कुठलाही उद्गार लागत नाही.

नात झाली. त्याच दिवशी संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर बायकोनं आंघोळ केली, माझ्या सुताच्या लडीला हळद-कुंकू लावलं आणि टाके घातले. घरच्या घरी चौकशी चालू होती. "स्वेटरची पाठ झाली का?" "होतेय." पाचव्या दिवशी पाठ झाली. तिनं ती सुईवरून उतरवून गादीवर पसरली आणि आम्ही तिघंही माना वाकड्या करून बघू लागलो.

पाठ तिरकी होती. थोडीथोडकी नव्हे. खालची कड पश्चिमेला आणि वरची कड पूर्वेला.

"तू जरा घाईत विणलंस का?" मी विचारलं. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या हातून पुष्कळ चुका झाल्या, पण हे वाक्य त्यांच्यात फार वरच्या क्रमांकावर आहे.

"मी?" बायको म्हणाली. "सत्तावीस स्वेटर विणलेत मी. एकतरी बुरुजावरून घसरल्यासारखा दिसला का?"

"बाबा, हा समांतरभुज चौकोन आहे," मुलगी पलंगावरून म्हणाली. मीच शिकवलं होतं तिला.

मी ती पाठ पाण्याचा हबका मारून इस्त्रीखाली घातली. काटकोन झाला. विजयी मुद्रेनं चहा प्यायला गेलो आणि परत येतो तो पाठ पुन्हा तिरकी, जणू माझी पाठ फिरायचीच वाट बघत होती. मग ती ओली करून नववीच्या गणिताच्या पुस्तकांखाली रात्रभर दाबली. सकाळी पुस्तकं उचलल्यावर तिनं एक आळस दिला आणि आपल्या जागी गेली.

सहाव्या दिवशी वरोरची मावशी टोपली घेऊन आली. ही आमच्याकडे वर्षानुवर्षं मासे घालते. बायको बोंबील निवडायच्या मनःस्थितीत नव्हती, हे तिनं लगेच ओळखलं. मांडीवरचं ते तिरकं प्रकरण बघून म्हणाली, "हे काय ताई, वाऱ्यात उभी राहून विणलंस काय?"

"विणणं माझं सरळ आहे. सूत ह्यांचं आहे."

मावशीनं हात पदराला पुसले, सुताचं एक टोक घेतलं आणि ढिलं सोडलं. धागा तिथल्या तिथे स्वतःभोवती वळून बसला, गोगलगाय कवचात जावी तसा.

"एकेरीच आहे की!" ती माझ्याकडे वळली. "मास्तर, एकेरी दोरी कधी गप बसते काय? पीळ असतो ना तिच्या अंगात, ती सुटायलाच बघणार. दोन घ्यायच्या आणि उलट्या बाजूला वळायच्या. मग एकमेकींना धरून बसतात. आमची दोरी तशीच असते. नाहीतर जाळं समुद्रात कुठच्या कुठे जाईल."

"ऐकलंत?" बायको म्हणाली.

"शालेत हे नाय शिकवत?" मावशीनं निरागसपणे विचारलं आणि बोंबलाचा वाटा घालून निघून गेली. मी दोन वर्षं ज्या धाग्याचा अभिमान बाळगला, त्याचं शवविच्छेदन तिनं पायरीवर बसून दोन मिनिटांत केलं होतं.

सहा दिवस उरले होते. बायकोनं पाठ उसवली. कोणी रागानं उसवतं, कोणी दुःखानं. तिनं शेंगा सोलाव्यात तशी उसवली, हे मला जास्त लागलं. मी सुताचे दोन गुंडे दोन वाट्यांत ठेवले, दोन्ही धागे एकत्र करून टकळीला बांधले आणि टकळी उलटी फिरवली. उजवीकडे फिरवायची सवय झालेला हात डावीकडे जाईना. पहिला तासभर मी सवयीनं उजवीकडेच फिरवून पिळात आणखी पीळ भरत होतो. मुलगी बाळाला पाजता पाजता सूचना करत होती: "बाबा, दुसरीकडे. दुसरीकडे म्हणजे पहिलीकडे नाही." पण शेवटी जमलं. दुहेरी धागा हातात घेऊन ढिला सोडला तर तो शांत लोंबत राहिला. बायकोनं बोटानं चाचपून पाहिला आणि म्हणाली, "आता सूत वाटतंय."

आठव्या दिवशी पाठ पुन्हा झाली. सरळ, शहाणी, चौकोनी. नवव्या दिवशी पुढचे दोन भाग. दहाव्या दिवशी बाहीचे टाके घालायला तिनं वाटीत हात घातला आणि वाटी रिकामी होती.

दोन धाग्यांचा एक केला की लांबी निम्मी होते. हे तिसरीच्या मुलाला कळतं. नववीच्या मुलांना जो गणित शिकवतो, त्याला मात्र ते सुचलं नव्हतं.

"किती लागेल अजून?" मी विचारलं.

"दोन्ही बाह्यांना? तुमच्या वेगानं बाळ बालवाडीत जाईल."

मी स्टेशनजवळच्या दुकानात धावलो. तिथले गुजराती काका माझी मागणी ऐकून म्हणाले, "स्वेटर? दहाणुमां?" आणि त्यांनी कपाटाच्या तळातून लोकरीचा एकच गुंडा काढला. त्याचा गुलाबी रंग असा होता की अंधारात वाचता आलं असतं. मी तो न घेता परत आलो. बायकोनं तोवर खांद्यांच्या कडा उरल्यासुरल्या धाग्यानं विणून बंद केल्या होत्या.

"राहू दे. बंडी म्हणू," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, सुया गुंडाळताना, "विहीणबाई विचारतील मात्र. त्यांना काय सांगू?"

"मी सांगतो. चूक माझी आहे, खरं ते सांगतो."

"तुम्ही तोंड उघडू नका. तुम्ही उघडलंत म्हणूनच झालंय हे."

बारशाला विहीणबाई सकाळीच आल्या. पाळण्यापाशी ताटात ठेवलेली बंडी त्यांनी हातात घेतली, उलटून पाहिली, शिवण चाचपली, उजेडाकडे धरली. परीक्षेच्या पेपरसारखी. "सूत छान आहे हो," त्या म्हणाल्या. मी फुलू लागलो. "पण बाह्या?"

मी घसा खाकरला. सांगून टाकायचं असं ठरवलंच होतं. तेवढ्यात बायको शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे पहिलं वस्त्र बिनबाह्यांचंच असतं."

घरात आम्ही तिघं होतो ज्यांना ही पद्धत ठाऊक नव्हती, आणि त्यात बायकोही होती. मुलीनं पाळण्याची फुलं नीट करायला तोंड फिरवलं.

"असं?" विहीणबाईंनी क्षणभर विचार केला. "बरोबरच आहे म्हणा. बाळाचे हात मोकळे राहतात. पुढे हात चालता राहतो."

"तेच तर," बायको म्हणाली.

नातीच्या अंगावर बंडी चढली. तिनं दोन्ही उघडे हात वर करून असे काही हलवले की जमलेल्या बायकांना त्या पद्धतीची खात्रीच पटली. बंडी कुठेही तिरकी झाली नाही. बायको पाळण्याची दोरी धरून उभी होती, आणि गाणं म्हणताना तिचा आवाज दोनदा चुकला. टाका न चुकणारी बाई.

दुपारी जेवण झाल्यावर विहीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. त्यांच्या धाकट्या सुनेचे दिवस चैत्रात पूर्ण होणार होते. "तिचं बाळही आमच्याच घरचं. त्यालाही तुमच्या पद्धतीचंच होऊ दे. असंच, बिनबाह्यांचं. आणि सूत व्याह्यांच्याच हातचं हवं."

पाहुणे गेल्यावर बायको माझ्यासमोर बसली.

"एक फायदा झाला," ती म्हणाली, "बाह्यांचं सूत वाचेल. पण जन्मभर आता एकाही नातवंडाला बाह्या नाहीत."