हनीफभाई पीत नव्हते

हनीफभाई गेल्याचं मला दिग्रसच्या बसस्टँडवर कळलं. सांगणारा लगेच म्हणाला, "पेत होता ना, काळीज किती टिकन?" जिथं बोलायचं तिथं मी गप्प बसतो आणि जिथं गप्प बसायचं तिथं बोलतो.

आम्ही एकाच जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात होतो. मी काट्यावर कापसाच्या गाड्या मोजायचो, ते फिटर. पेचकसाचं एक टोक बेअरिंगला आणि दुसरं कानाला लावून ते सांगायचे, हे मशीन आठ दिवसांत बसते. आणि बंद पडायचंच. मग कापसाचे वाईट दिवस आले, आवक आटली आणि नेमके तेव्हाच हनीफभाई भोंगा वाजला की झोकांड्या खाऊ लागले. एकदा भिंत धरून मला म्हणाले, "देवराव, मले माहे डोळे फिरतानाचा आवाज येते... खर्रकन." मी हसलो. मालकाला माणसं कमी करायचीच होती, त्यानं दारूचं नाव पुढं केलं आणि पाच वक्ताच्या नमाजी माणसाला घरी बसवलं. त्यानंतर कोणीही भेटलं की हनीफभाई आधी त्याच्या तोंडासमोर 'हा' करायचे. "घे बाप्पा, वास घे." लोकांना त्याचीही गंमत वाटायची.

पुढं एका वरातीच्या बँडजवळ ते सायकलवरून पडले, डोकं आपटलं. यवतमाळला स्कॅन काढला, सोबत मीच होतो. डॉक्टर म्हणाले, रक्तस्राव नाही. पण उजव्या कानाच्या आत, तोल सांभाळणाऱ्या नळीवरच्या हाडाला बारीक भोक दिसतंय. हे सहज सापडलं, पुष्कळांना त्याचा काही त्रासही नसतो. "मोठ्या आवाजानं चक्कर येते का यांना? स्वतःच्याच शरीरातले आवाज ऐकू येतात?" हनीफभाई बोलायच्या आत मी म्हणालो, "नाही डॉक्टरसाहेब, काही नाही." मला वाटलं, हे आता डोळ्यांचं सांगतील आणि इथंही वेड्यात निघतील. हनीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं, उघडलेलं तोंड मिटलं. डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं होतं, हे माझ्या टाळक्यात शिरलं तेव्हा बस दारव्ह्याला पोचली होती. उतरून माघारी जायला हवं होतं. नाही गेलो... पुढंही कधी गेलो नाही.

हनीफभाई गेल्यावरचा चाळिसावा दिवस झाला आणि मी त्यांच्या घरी गेलो. मुलगी शबानानं तो रिपोर्ट शोधून एका कानाच्या डॉक्टरकडून वाचून आणला होता. मोठ्या आवाजानं झोक जातो तो अशा भोकामुळंही, दारूच लागते असं नाही, हे त्यानं तिला सांगितलं होतं.

"काका, तुमी होते ना तिथं? डॉक्टरनं अब्बाले काहीच विचारलं नाही?"

"विचारलं होतं."

"मंग अब्बा काय म्हणले?"

मी सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. रिपोर्टाची घडी घालत म्हणाली, "मले कायले सांगता? मले मालूमच होतं अब्बा पेत नाही म्हणून. जिनिंगच्या गेटावर जाऊन सांगा."

जिनिंग कधीचं बंद पडलं, गेटावर आता ऐकायला कोणी नसतं. म्हणून इथं सांगतो आहे. डॉक्टरांनी हनीफभाईंना विचारलं होतं. उत्तर मी दिलं, आणि ते खोटं होतं.