मेक्सिकोच्या चढावर रांगत गेलेला बाळकृष्ण

देवाशी माझं वर्षभर बोलणं बंद होतं. पूजा रोज करत होतो, पण ती कशी, तर शेजाऱ्याशी भांडण असलं तरी कचऱ्याची गाडी येऊन गेल्यावर आपण त्याचा बिन मुकाट्यानं आत ओढून ठेवतो, तशी. तोंडातून अक्षर नाही. आमची ही गेली त्या दिवसापासून मला त्याच्याशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भाविक समजू नये. मी सातवी नापास माणूस. मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहा म्हणून लोक मागं लागले, म्हणून लिहितोय.

ही मिरजेला नर्सिंग शिकली आणि नॉटिंगहॅमला हॉस्पिटलात लागली. मी तिच्यामागून आलो आणि त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत लागलो. ती माणसं बरी करायची, मी त्यांच्या चादरी. लग्नात तिच्या आईनं रीतीप्रमाणं तिला अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण दिला होता. दोन इंचाचा, पितळेचा, रांगता. एक हात जमिनीवर, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा. आम्ही भारतात जायचो तेव्हा ही बाकीचे देव डब्यात तांदळात ठेवायची, म्हणजे मागं ते उपाशी राहत नाहीत. पण कृष्णाला बरोबर घ्यायची. लहान मूल घरात एकटं ठेवतात का, म्हणायची. ती गेली त्याच्या चार दिवस आधी तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता माझ्याविषयी काहीतरी बोलेल. तर म्हणाली, "अहो, माझ्या कृष्णाला उपाशी ठेवू नका. तुम्ही विसराल. तुमच्या चहाच्या आधी त्याला दूध." बस. पन्नास वर्षांचा संसार, आणि काळजी कुणाची, तर त्या पितळेची. मी हो म्हटलं. तिच्याशी बोललेला माझा तो शेवटचा शब्द. तो मोडला असता तर मला परत तोंड दाखवायला जागा नव्हती.

आमची मुलगी मीनल इथंच जन्मली, म्हणून तिचं मराठी अजून अडखळतं, शाळेत स्पॅनिश शिकली आणि कॉलेजच्या आधी वर्षभर मेक्सिकोतल्या एका डोंगरी गावात इंग्रजी शिकवायला राहिली. ते गाव बघायला जायचं हे हिच्या मनात होतं, पण ड्यूट्या संपेनात आणि नंतर गुडघे संपले. वर्षश्राद्ध झाल्यावर मीनल आली आणि म्हणाली, "बाबा, इनफ. तुम्ही फक्त टीव्हीशी बोलता. माझा दोन आठवडे सुट्टी आहे. आपण जाणार."

"मी नाही."

"आई गेली असती."

मी तांदळाचा डबा काढला. बाकीचे देव तांदळात ठेवले, कृष्णाला घेतलं. एअरपोर्टवर मशीनमधून पिशवी गेली तेव्हा तिथल्या बाईनं पडद्यात बघून विचारलं, हे रांगतंय काय? मी म्हटलं, गॉड. ती म्हणाली, लिक्विड नाही ना, मग चालेल.

त्या देशात डोंगरात चांदी सापडली, म्हणून स्पेनच्या लोकांनी तिथं गावं वसवली. देवळांना लाजवतील अशी चर्चं, दगडी चौक, आणि डोंगरभर चढत गेलेली पिवळी, गुलाबी, निळी घरं. रंगवाल्याच्या बादल्या वरून लवंडल्यासारखी. दिसायला छान. पण सगळं गाव म्हणजे चढ. मी मीनलला विचारलं, उतार कुठाय? म्हणाली, येताना. पहिलं सान मिगेल झालं, मग मीनलचं ते ग्वानाह्वातो. हे नाव मला अजून येत नाही, तिच्याकडून लिहून घेतलंय. हवा विरळ. दहा पावलं चाललो की छातीत भाता. कृष्ण माझ्या कोटाच्या खिशात रुमालात गुंडाळलेला. हॉटेलात ठेवायची माझी छाती नव्हती, कारण चादरींबरोबर काय काय लाँड्रीत जातं ते मी बघितलंय. दातांच्या कवळ्या, लग्नाच्या अंगठ्या, एकदा तर काचेचा डोळा.

तिसऱ्या दिवशी एका अरुंद गल्लीत, पायऱ्यांच्या चढावर, मी धापा टाकत बसलो. मीनल पाणी आणायला वर गेली होती. समोर एक म्हातारं जोडपं एकमेकांचा हात धरून पायऱ्या उतरत होतं. ते बघून माझं डोकं फिरलं, आणि वर्षभराचं मौन सुटलं. खिशावर थाप मारून मी मोठ्यानं म्हटलं, "तुला मी जगभर उचलून फिरवतोय. तू मला कधी उचललंस? तिला तरी उचललंस? एवढी हौस आहे तर जा, चाल स्वतःच्या पायानं!" आणि घाम पुसायला रुमाल ओढला.

तो गेला.

टण्ण. टण्ण. टण्ण. पायरीपायरीनं, चांगल्या ठेक्यात, आणि मग खालच्या वळणावर आवाज बंद. रांगतंच मूल ते. वर्षभरात मी एकदा बोललो, आणि त्यानं लगेच ऐकलं.

त्या दुपारी मी ती गल्ली वरपासून खालपर्यंत हातांनी चाचपली. गटाराच्या जाळ्या बघितल्या, कुंड्या उचलल्या, एका कुत्र्यालाही संशयानं बघितलं. मीनल दारं ठोठावून विचारत होती. अंधार पडल्यावर तिनं मला ओढून नेलं. मी जेवलो नाही. सकाळी हॉटेलवाल्यानं पुढ्यात कॉफी ठेवली, तीही प्यालो नाही. दूध कुणाला दाखवणार?

हॉटेलवाल्यानं मीनलला सांगितलं, बाळ हरवलंय तर बाजारात जा, उद्या दोन फेब्रुवारी. मला काही कळेना. बाजारात शिरलो आणि उभाच राहिलो. जिकडं बघावं तिकडं बाळंच बाळं. त्यांच्यात नाताळला घरोघरी बाळ येशूची मूर्ती निजवतात आणि दोन फेब्रुवारीला तिला नवे कपडे घालून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. आदल्या दिवशी सगळं गाव आपापलं बाळ काखेत मारून कपडे शिवणाऱ्यांकडं. शेकडो देव, अर्धे उघडे, आणि त्यात माझा नाही.

सगळ्यात जास्त गर्दी दोन्या चेला नावाच्या बाईंकडं होती. दोन्या म्हणजे आपल्याकडच्या बाई. सत्तरीच्या, जाडजूड, तोंडात टाचण्या. मीनलनं सांगितलं तर त्यांनी विचारलं, बाळ निजलेलं आहे का बसलेलं? मीनलला शब्द सापडेना. मग मीच दुकानात चार पायांवर झालो, एक हात वर केला आणि रांगून दाखवलं. गिऱ्हाइकं हसून लोळायची बाकी राहिली. दोन्या चेला हसल्या नाहीत. तोंडातल्या टाचण्या काढून काहीतरी खडसावलं.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, रांगणारा मुलगा खिशात कुणी ठेवतं? तो पळणारच."

"विचार, मग आता काय करू?"

त्यांचं म्हणणं सरळ होतं. या गावात ज्याला बाळ सापडेल तो आज त्याला कपडे करायला इथंच आणेल. उघडं बाळ घेऊन उद्या चर्चमध्ये कोण जाईल? तेव्हा बसा. पण नुसते बसू नका, वाटेत येता. माझी इस्त्री करणारी भाची आज आजारी आहे.

मी इस्त्रीकडं बघितलं. कुणीतरी सॅटिनवर थेट फिरवून दोन झग्यांची चमक मारली होती. माझ्याच्यानं बघवेना. फडका ओला करून वर टाकला आणि एक झगा इस्त्री करून दाखवला. दोन्या चेलांनी तो उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"विचारतात, बायकोनं शिकवलं का?"

"सांग, पगारानं शिकवलं."

यावर त्या पहिल्यांदा हसल्या, आणि माझ्यापुढं ढीग टाकला.

चार वाजता आमची पुढच्या गावाची बस होती. तोपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हाताकडं माझी नजर. दार वाजलं की मान वर. साडेतीनला मीनल म्हणाली, "बाबा, तो बस गेली तर आज दुसरा नाही. सगळं बुकिंग जाईल."

"तू जा. मी राहतो. इस्त्री येते मला, पोट भरेल."

"बाबा, तुम्हाला इथली भाषा येत नाही!"

"इंग्लंडमध्ये तरी कुठं येत होती?"

ती रागानं बाहेर गेली. मला वाटलं गेलीच. थोड्या वेळानं परत आली, डोळे लाल, हातात दोन कॉफीचे कप. माझ्याशेजारी बसून घड्या घालायला लागली. चुकीच्या घालत होती, मी तशाच राहू दिल्या. चार वाजले. बस गेली. आणि सांगतो, बस गेल्यावर माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. आता शोधायचं नव्हतं, पळायचं नव्हतं, कुणाला जाब विचारायचा नव्हता. बाळांचे कपडे होते आणि ते सुरकुतलेले होते. मी दाराकडं बघायचं विसरलो. आयुष्यभर चादरी केल्या, पण इतक्या लहान बाह्या कधी केल्या नव्हत्या. बोटाच्या टोकावर चढवून करायच्या. एकेक बाही करताना मनात यायचं, उद्या हा कुणाच्या तरी घरचा नटून बसेल. आपला नसला तरी.

दुकान मिटायला आलं तेव्हा इस्त्रीच्या टेबलावर गुलाबी कागदाची पुडी कुणीतरी ठेवली. मटणाला बांधतात तो कागद. मान वर केली तर दारभर रुंदीचा माणूस, अंगावर रक्ताचे डाग पडलेला एप्रन. त्या गल्लीच्या खालचा खाटीक. काल मिटायच्या आधी दुकान धुताना त्याला मोरीच्या जाळीवर हा सापडला होता. आम्ही दार ठोठावलं तेव्हा तो दुकान मिटून गेलेला. आता बाळाला कपडे करायला आला होता, आणि वर तक्रार घेऊन. मीनल हसावं का रडावं अशा तोंडानं सांगायला लागली.

"म्हणतात, हा बाळ निजत नाही. कितीदा पाठीवर ठेवतात, तो परत उलटा होतो."

मी पुडी उघडली. लोण्याचा गोळा तसाच वर धरलेला. आमच्या हिनं ज्या देव्हाऱ्याच्या खोलीत अंडं येऊ दिलं नव्हतं, तिचा कृष्ण एक रात्र डुकरांच्या मुंडक्यांखाली राहून आला होता, आणि आधीपेक्षा लख्ख होता. खाटकानं त्याला लिंबानं घासलं होतं.

मी मीनलला म्हटलं, विचार, रात्री कुठं ठेवला होता? पैशाच्या गल्ल्यावर, मेरीच्या तसबिरीपुढं. पेल्यात थोडं दूध ठेवलं होतं. सकाळी परत ठेवलं.

"दूध का? विचार त्यांना, दूध का?"

खाटकानं माझ्याकडं असं बघितलं, की या म्हाताऱ्याला एवढंही कळत नाही?

"म्हणतात, लहान मुलगा आहे. मग काय देणार?"

मी इस्त्री बंद केली. म्हणजे मला वाटतं मीच केली, कारण काही जळलं नाही. आणि मग त्या दुकानात, सगळ्यांसमोर, मी रडलो. ही गेली तेव्हा रडलो नव्हतो. दोन्या चेलांनी विचारलं, याची आई कुठाय? मीनलनं सांगितलं. त्या उठल्या. मापाची पट्टी घेतली, कृष्णाची मापं घेतली आणि उरलेल्या पिवळ्या तुकड्यातून रांगत्या बाळाला बसेल असं अंगडं शिवलं. मागं रिबिनीची शेपटीसारखी गाठ आली, ती शोभते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे चर्चमध्ये. मीनल कानात म्हणाली, "बाबा, आईला चाललं असतं का हे?" मी म्हटलं, तुझ्या आईला काय चालत नाही हे मला पन्नास वर्षं पाठ होतं. काय चालतं हे कधी विचारलंच नाही. बाहेर सगळ्यांनी पानात वाफवलेलं मक्याचं काहीतरी खाल्लं. खाटकानं आणलं होतं. आत काय होतं ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

पण आतली गोष्ट सांगायची राहिली. ओळ पुढं सरकत होती. प्रत्येकाच्या हातात आपापलं बाळ. मी कृष्णाला दोन्ही मुठीत इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती. तेवढ्यात खाटकानं लाजत दोन्ही हात पुढं केले. थोडा वेळ मी धरू का, असं. आज नीट दाढी केलेली, स्वच्छ शर्ट. माझी मूठ सुटेना. खरंच सुटेना. मग मनात आलं, परवा रात्री मी कृष्णाला सांभाळला नव्हता, तरी तो उपाशी राहिला नाही. मी दिला.

त्यानं त्या एवढ्याशा पितळेला पंजात असं घेतलं, जसं ओलं पाखरू. पाद्री आला, पाणी शिंपडलं. माझ्या हातात काहीच नव्हतं. रिकामे हात कुठं ठेवावेत कळेना, म्हणून जोडले. आणि जोडल्यावर तोंडातून आपोआप आलं, सांभाळ रे. कुणाला सांभाळ, ते मी सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.