चौकडी सोडून बाकी सगळं

त्याला ऑफिसात सगळे 'भिडस्त' म्हणत, आणि ते नाव त्याने स्वकष्टाने कमावलं होतं. सुट्टीच्या दिवशी साहेबाचा फोन आला तरी हा आधी "हो" म्हणायचा; कशाला, ते मागाहून विचारायचा. बायको म्हणायची, "बरं झालं, मीच पहिली विचारायला आले. नाहीतर भलतीलाच हो म्हणून बसला असता!"

ह्या भिडस्ताने मावशीसाठी एक प्रोग्राम लिहिला. मावशी शिंपीण, तिनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. पाठ, बाही, कॉलर कापडावर कशी मांडली म्हणजे कमी वाया जाईल, ते हा प्रोग्राम दाखवायचा. त्याने तो इंटरनेटवर मोफत परवान्याने ठेवला: कुणीही वापरा, बदला, मात्र बदललेला पुढे दिलात, तर तोही असाच खुला ठेवा. कधी न पाहिलेल्या एका माणसाने त्यात चौकडीच्या कापडाची भर घातली, आणि खिशावरची रेघ अंगावरच्या रेघेला बरोब्बर मिळू लागली. घरात त्या माणसाचं नाव पडलं 'चौकडीवाला'.

मग तयार कपड्यांची एक कंपनी दारात आली. आतलं कुणाला न दाखवता, बंद डब्यासारखा, प्रोग्राम त्यांना स्वतःच्या नावाने विकायचा होता. व्यावसायिक परवाना द्या, म्हणाले. मोबदला असा, की साहेबाला रामराम ठोकून भिडस्ताला घरी बसून हेच आवडीचं काम करता आलं असतं.

स्वतः लिहिलेल्या भागाचा तो धनी. तो भाग त्याने मोफतही द्यावा, विकावाही. चौकडीचा भाग मात्र परक्याचा. त्याने चौकडीवाल्याला विचारलं. उत्तर आलं, "तुमचं खुशाल विका. माझं सगळ्यांसाठी आहे, ते खुलंच राहू द्या."

सौदा जुळवणाऱ्या मेहुण्याने कपाळावर हात मारला. मावशीच्या दुकानातच त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. "दाजी, बंद डब्यात कोण डोकावतंय? चौकडीही घाला गुपचूप! जन्मभर लोकांना हो म्हणालात, एकदा स्वतःला म्हणा की!"

हे भिडस्ताच्या वर्मी लागलं.

मावशी एका कोटाच्या उरल्यासुरल्या कापडाची पुरचुंडी बांधत होती. तळहाताएवढा तुकडा उरला तरी ती गिऱ्हाइकाला परत द्यायची. लहानपणी त्या पुरचुंड्या पोचवायला भिडस्तच जायचा, आणि लोक हसायचे.

"मावशी, ह्या चिंध्या परत करून तुला काय मिळालं गं?" भिडस्ताने विचारलं.

"काय मिळणार, कपाळ! निम्मे जण तर दारातच टाकून देतात." मावशीने दाताने दोरा तोडला. "टाकू देत. त्यांचं कापड, ते टाकतील. मी का टाकू?"

भिडस्ताने ती पुरचुंडी स्वतःच गिऱ्हाइकाकडे पोचवली. मग कंपनीला कळवलं: चौकडी सोडून बाकी सगळं देतो.

कंपनीने नाक मुरडलं आणि घेतलं, पण मोबदल्याला कात्री लावली. नोकरी काही सुटली नाही. साहेबाचा फोन अजून येतो, फक्त हल्ली भिडस्त आधी "कशाला?" विचारतो आणि मग हो म्हणतो. तेवढीच प्रगती.

पुढे एकदा मेहुणा त्याच कंपनीचा नवा शर्ट घालून दुकानात ऐटीत आला. चौकडीचा. खिशावरच्या रेघा आणि अंगावरच्या रेघा भांडलेल्या जावांसारख्या, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या.

"यंत्राने कापलाय, मावशी!"

"दिसतंय," मावशी चष्मा पुसत म्हणाली. कोपऱ्यात भिडस्ताने हसू लपवायला मान खाली घातली. "काढ तो. नवा खिसा लावून देते. उरलेला तुकडा दिलाय का रे त्यांनी?"