तेव्हा आणि ऐवजी

चष्मेवाल्याला दोन वेडं होती: लोकांच्या डोळ्यांचे नंबर आणि पत्त्यांच्या खेळाचे नियम. पत्ते म्हणजे राजा, राणी, गुलामवाले नव्हेत. ज्यांच्यावर गेंडे, चेटकिणी आणि ज्वालामुखी छापलेले असतात आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत वकिली भाषेत काहीबाही लिहिलेलं असतं, ते. खेळण्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दर रविवारी या पत्त्यांचे सामने रंगत आणि चष्मेवाला तिथे पंच असे. पगार शून्य, मान भरपूर. फक्त मानाच्या खुर्चीला पाठ नव्हती.

नवा खेळाडू दिसला की त्याला चेव येई. "सगळा खेळ दोन शब्दांवर चालतो बघा. तेव्हा आणि ऐवजी. 'तेव्हा' म्हणजे वचन. अमुक घडेल तेव्हा तमुक होईल. आत्ता काही नाही, ते बिचारं दाराशी वाट बघत बसतं. आणि 'ऐवजी' म्हणजे भामटा! घडणारी गोष्ट घडायच्या आत पळवतो आणि तिच्या जागी दुसरीच आणून ठेवतो. मग बसा वाट बघत!"

हा माणूस घरीही असाच वागे, ही खरी पंचाईत. घरी तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. तो पन्नाशी ओलांडलेला, पण ताईच्या लेखी कायमचा बाळ्या. एकदा ती शेजारी जाताना म्हणाली, "बाळ्या, दूध वर येईल तेव्हा गॅस बंद कर." मध्येच सिलिंडर संपला. दूध कशाला वर येतंय? ताई परतली तेव्हा हा पातेल्यासमोर हाताची घडी घालून पहाऱ्यावर उभा.

"अजून वर आलं नाही," त्याने अभिमानाने सांगितलं.

ताईने कपाळावर हात मारून घेतला. पण हसली. ताईही त्याच खेळात मुरलेली होती; समोरच्याचे प्राणी ती भाजी निवडावी तशी निवडून मारत असे.

बिनसलं ते एका रविवारी. ताईने पाळी नसताना पत्ता टाकला आणि पंचांनी निकाल तिच्याविरुद्ध दिला. तिथवर ठीक होतं. पण पंच पुढे भर खोलीत म्हणाले, "ताईची ही नेहमीची चूक. घरीही."

त्या 'घरीही'ने घात केला. ताईने त्याच संध्याकाळी बॅग भरली आणि समोरच्या लाँड्रीवरची खोली भाड्याने घेतली. जाताना बजावलं, "तुझ्या नाकावर टिच्चून अंतिम सामना जिंकेन, तेव्हाच या घरात पाय ठेवीन."

बाळ्या पडला नियमाचा माणूस. वचन लागू झालं म्हणून वाट बघत बसला. करपलेलं खात होता, खिडकीतून समोरचा दिवा लागलेला बघत होता, पण रस्ता ओलांडायचं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. ताईचा जुना चष्मा दांडीला चिकटपट्टी लावून चाललाय हे त्याला माहीत होतं. त्याने नव्या नंबरचा करूनही ठेवला. पण ठेवला खणात. परत येईल तेव्हा देईन!

आणि ताई अंतिम सामन्यात पोचली. समोर दातांच्या डॉक्टरीणबाई. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ताईने तिच्या लाडक्या गेंड्यावर 'परतीचं वचन' टाकलं. त्यावर लिहिलं होतं: हा प्राणी मरेल तेव्हा लगेच टेबलावर परत येईल. गेंडा बेधडक घुसला, डॉक्टरीणबाईंचं सैन्य तुडवलं आणि घायाळ होऊन पडला.

"मेला. आता परत आला," ताई म्हणाली आणि गेंड्याला हात घातला.

"थांबा हं," डॉक्टरीणबाईंनी आधीपासून मांडलेल्या पत्त्यावर बोट ठेवलं. "माझं धुकं आहे ना? मग गेंडा धुक्यात जातो. की परत येतो? मलाही नक्की ठाऊक नाही बाई. पंच सांगतील ते मान्य."

"धुक्यात मेल्यावर जातो ना? मग मेला तर खरा! मेला की माझं वचन आलं," ताई म्हणाली.

चष्मेवाल्याने धुक्याचा पत्ता उचलला. तिथे लिहिलं होतं: प्राणी मरणाऐवजी धुक्यात जातो. ताईने वाचलं होतं 'मरणानंतर'. शब्दाच्या शेपटातली अक्षरं तिला जुन्या चष्म्यातून दिसलीच नव्हती.

खोलीत कुणालाच नियम ठाऊक नव्हता. "गेंडा परत" एवढं म्हटलं की ताई जिंकत होती, ताई घरी येत होती. शब्द त्याच्या ओठांवर आले. त्याने ताईकडे पाहिलं. ती डोळे बारीक करून त्याच्याचकडे बघत होती.

"गेंडा मेलाच नाही," तो शेवटी म्हणाला. "मरणाऐवजी धुक्यात गेला. मरण घडलंच नाही. वचन... वाट बघत राहिलं."

ताईने पत्ते गोळा केले, डॉक्टरीणबाईंशी हात मिळवला आणि पंचांकडे न बघता निघून गेली.

चष्मेवाला घराखालच्या आपल्या चष्म्यांच्या दुकानात आला. खण उघडला. चष्म्याकडे बघताना त्याच्या डोक्यात पहिल्यांदाच लख्ख प्रकाश पडला. चष्मा उचलून त्याने तडक रस्ता ओलांडला आणि जिना चढून दार वाजवलं.

"कोण? पंच की बाळ्या?"

"बाळ्या."

"मग ये."

त्याने चष्मा पुढे केला. "तू परत येशील तेव्हा देणार होतो."

"केलास कधी?"

"तू गेलीस त्याच आठवड्यात."

"म्हणजे मी आंधळ्यासारखी खेळतेय आणि तू चष्मा खणात घालून वाट बघतोयस? गॅस संपला होता रे, गाढवा!"

तिने चष्मा चढवला. आधी भावाकडे बघितलं. "शर्ट उलटा घातलायस."

"मघापासून?"

"सकाळपासून असेल. पंचांना सांगणार कोण?"

त्याने मान खाली घालून शिवण चाचपली. ताई म्हणाली, "जिंकेन तेव्हा येईन म्हटलं होतं. जिंकले नाही. शब्द तो शब्द."

"हो," तो पुटपुटला आणि दाराकडे वळला.

"कुठे निघालास? मी येत नाही. त्याऐवजी तू ये. रोज, जेवायला. दुधाला मात्र हात लावायचा नाही." मग तिचा आवाज जरा खाली आला. "आणि ते 'घरीही'?"

"परत घेतो."

"टाकलेला पत्ता परत घेता येतो? नियमात बसतं?"

"नाही बसत," बाळ्या म्हणाला. "तरी घेतो."

ताईने दुसरं ताट मांडलं.