संकष्टीची साखर

तव्यावर तिसरं घावन घातलं होतं आणि चहाचं आधण उतू जायच्या बेतात होतं, तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली. थाप कसली, दार मोडायचंच बाकी. उघडलं तर शेजारच्या कमळाकाकू. डाव्या हाताचं बोट अंगठ्याने दाबून धरलेलं, काखेत शाळेतली दुरेघी वही.

"नीरजा, गॅस बंद कर आणि हे वाच. दोन्ही आकडे आजचेच. सहाला, तोंडात पाण्याचा थेंब नाही, एकशे सोळा. साडेआठला दोनशे चौदा. मधे काय खाल्लं ते विचार."

"काय खाल्लंत?"

"संकष्टीची खिचडी! साबुदाण्याची." त्या पायरीवरच बसल्या. "आणि चोर मी ठरल्ये गो."

चोर त्या गेल्या वर्षी ठरल्या, दोन हजार दोनमध्ये. सातवी शिकलेली ही बाई पंचवीस वर्षं आंब्याच्या पेट्या भरत्येय. फळ नुसतं तळहातावर घेऊन वजन सांगते आणि काटा तिला खोटं पाडत नाही. साखर निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, "दर तपासणीला उपास करून रक्त द्यायचं." काकूंनी ते नीट ऐकलं. उगाच एक दिवस जास्तीचा उपास कशाला, संकष्टी असतेच की! सकाळी खिचडी खाऊन त्या लॅबमध्ये जायच्या. तिथे विचारायचे, "उपास आहे ना?" काकू म्हणायच्या, "कडक." खोटं एक अक्षर नाही.

रिपोर्ट आला दोनशे बारा. भरलेल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "चोरून गोड खाणारे पेशंट मी तोंडावरून ओळखतो." गोळी वाढली. काकूंच्या यजमानांनी, रावजीकाकांनी, साखर-गुळाचे डबे कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. आल्यागेल्याला कपाट दाखवायचे, "आमच्याकडे राखण ठेवावी लागते हो." काकू पाहुण्यांपुढे चहाचे कप ठेवायच्या आणि आत जायच्या. पुढच्या संकष्टीला दोनशे एकतीस. गोळी आणखी वाढली.

मग रोज अकराच्या सुमारास काकूंना दरदरून घाम फुटायला लागला, हात लटपटायचे. एकदा विहिरीपाशी धुण्याच्या दगडावर पडल्या, ओठ फाटला. काका म्हणाले, "सोंगं आहेत. गोड मिळत नाही ना."

मुंबईहून मुलगा ओमकार आला तो साखर मोजायचं यंत्र घेऊन. माहितीचं पुस्तक इंग्रजी, म्हणून काकू माझ्याकडे आल्या. एकदा वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून माझी गरज उरली नाही. तारीख, वेळ, काय खाल्लं, आकडा, सगळं वहीत. हात लटपटले की आधी बोट टोचायच्या, मग खायच्या. छप्पन्न. एकसष्ट. पुन्हा छप्पन्न. सत्तरच्या खाली गेलं की धोका, हे त्या पुस्तकातच होतं. ती वही डॉक्टरांनी उघडलीसुद्धा नाही. "ती खेळणी घरी ठेवा," म्हणाले. आणि आज इन्शुलिनचं इंजेक्शन चालू करायचं ठरलं होतं.

"गोळीवर छप्पन्न होतंय," काकू पायरीवरून उठत म्हणाल्या, "तर इंजेक्शनवर किती होईल? दगडावर पडेन ती उठायची नाही. चल माझ्याबरोबर."

दवाखान्यात काका आधीच बाकावर बसलेले होते. मला बघून म्हणाले, "वकीलही आणलास वाटतं?" बाकावरचे दोघेतिघे हसले.

आत गेल्यावर मी सांगायला लागले, की दोन्ही रिपोर्ट संकष्टीचे आहेत, काकू उपासाचं खाऊन...

"तुम्ही कोण?"

"शेजारीण."

"मेडिकल केलंय?"

"नाही. मराठीत बी.ए."

"मग मराठीच्या चुका काढा, माझ्या काढू नका." डॉक्टरांनी पॅड पुढे ओढलं. "दोनशे बारा, दोनशे एकतीस. लॅब खोटी आणि बाजारातलं डबडं खरं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"लॅब खरीच आहे," काकू म्हणाल्या. "डबडंही खरं आहे. तुमचा उपास आणि माझा उपास वेगळा होता."

"शब्दांचे खेळ नकोत, बाई. उपास म्हणजे उपास."

"तेच तर मी केलं."

"हिचं असंच आहे डॉक्टर," दारातून काका म्हणाले. "घरी बोलते ते बोलते, आता इथेही! तुम्ही लिहा."

डॉक्टर लिहायला लागले. मला वाटलं, काकू रडणार, नाहीतर उठून जाणार. त्यांनी काकांकडे बघितलंसुद्धा नाही. डाव्या हाताची पाच बोटं टेबलावर पसरली. टोकं टोचून टोचून काळी पडली होती. मग उजव्या हाताने दुरेघी वही उघडली, आजचं पान काढलं आणि डॉक्टरांच्या पेनाखाली, पॅडवरच ठेवली. पेन थांबलं.

"डॉक्टर," काकू म्हणाल्या, "इंजेक्शन लिहायच्या आधी ही वही एकदा वाचा."